लेखणी, करवत आणि पिशीमावशी

(कविवर्य विंदा करंदीकर : घर, छंद आणि मुलांसाठी केलेले लेखन)



आपल्या अंकात नेहमी उसाच्या जाती, खोडव्याची निगा, माती परीक्षण, पाण्याच्या पाळ्या असे विषय असतात. ते असलेच पाहिजेत, कारण घर त्यावर चालते. पण घर म्हटले की त्यात माणसेही आली. ओसरीवर बसलेले आजोबा आले. त्यांनी जमीन आणि कारखान्याचा शेअर मुलाच्या नावावर करून दिला आहे, आणि आता दिवस कसा काढावा हे त्यांना समजत नाही. त्याच ओसरीवर शाळेतून आलेला नातू आला. त्याला दप्तरातल्या पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक ठाऊक नाही. दोघे एकाच बाजेवर बसतात, पण एकमेकांशी बोलायला विषय नसतो. आजची हकिगत या दोघांसाठी आहे.

मनमाडला तर हा प्रश्न घरोघर आहे. एका बाजूला आपली शेतकरी मंडळी, दुसऱ्या बाजूला रेल्वेची पेन्शनर मंडळी. रेल्वेच्या पुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा मनमाडचा कारखाना शंभर वर्षांहून जुना. त्यात तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षे हात चालवलेला फिटर निवृत्त झाला की त्याच्या हाताला काम राहत नाही. शेतकऱ्याचेही तेच. "आता तुम्ही आराम करा" असे मुलगा म्हणतो. बोलणे प्रेमाचे असते, पण ते ऐकून म्हाताऱ्याच्या पोटात गोळा येतो. आराम म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

अशा वेळी विंदा करंदीकर यांच्याकडे पाहावे. ते आपल्या जिल्ह्याचे नव्हेत, ऊस पिकवणारेही नव्हेत. पण साठी उलटल्यावर माणसाने काय करावे, ते त्यांनी करून दाखवले आहे.

कोकणातला मुलगा

पूर्ण नाव गोविंद विनायक करंदीकर. जन्म २३ ऑगस्ट १९१८, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यात. लोक त्यांना 'विंदा' म्हणू लागले आणि तेच नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसले. घरची परिस्थिती साधारण. शिक्षण कोल्हापूरला झाले, विषय इंग्रजी. पुढे रत्नागिरीत आणि मुंबईत कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी नोकरी केली. पोट इंग्रजीवर आणि जीव मराठीवर, असा हा संसार.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना एक गोष्ट जवळची वाटेल. हैदराबाद मुक्तिसंग्रामात विंदांनी भाग घेतला होता. मनमाडपासून निजामाचा मुलूख फार लांब नव्हता. मनमाड स्टेशनातून सुटणारी छोट्या रुळाची गाडी औरंगाबादवरून थेट निजामाच्या राज्यात जात असे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात आले, तोवरची धामधूम या पट्ट्याने जवळून पाहिली आहे. त्या काळाची धग अंगावर घेतलेला हा कवी होता.

त्यांच्या पहिल्या कवितासंग्रहाचे नाव 'स्वेदगंगा'. साल १९४९. स्वेद म्हणजे घाम. घामाची गंगा! दुसऱ्याचे नाव 'मृद्गंध', साल १९५४. मृद्गंध म्हणजे मातीचा वास. पहिल्या पावसाने रान भिजले की जो वास सुटतो आणि आपण छाती भरून घेतो, तोच. नुसत्या नावांवरून कळावे की हा माणूस कष्टाला आणि मातीला किती मानत होता.

मोठ्यांसाठी गहन, मुलांसाठी गंमत

विंदा हे मोठ्यांचे मोठे कवी. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याच्या काव्यशास्त्रावरचे त्यांचे मराठी पुस्तक १९५७ साली आले. जर्मन कवी गटे याच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग त्यांनी १९६५ साली मराठीत आणला. शेक्सपिअरचा 'राजा लिअर' १९७४ साली. ज्ञानेश्वर माउलींचा 'अमृतानुभव' आजच्या मराठीत आणण्याचे कामही त्यांनीच केले. हे वाचून कोणी म्हणेल, "बाबा रे, हा तर भलताच विद्वान माणूस, आपल्या पोरांना याचा काय उपयोग?"

उपयोग आहे, आणि तोच आजचा मुद्दा आहे. या जड ग्रंथांच्या अधूनमधून, त्याच टेबलावर, त्याच लेखणीने हा माणूस चार-सहा वर्षांच्या पोरांसाठी कविता लिहीत होता. 'राणीची बाग' हे त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक १९६१ चे. 'सशाचे कान' १९६३ चे. मग 'परी ग परी', 'अजबखाना', 'सर्कसवाला'. ॲरिस्टॉटल झाला की ससा, फाउस्ट झाला की परी, राजा लिअर झाला की सर्कसवाला. मुलांचे लिहिणे म्हणजे फावल्या वेळातले, कमी प्रतीचे काम, असे त्यांनी कधी धरले नाही.

'राणीची बाग' म्हणजे मुंबईला भायखळ्याची बाग. मनमाडहून मुंबईला पोरे घेऊन गेलेल्या प्रत्येक आई-बापाने ती पाहिली आहे. पोर वाघ पाहते, हत्ती पाहते, आणि परतीच्या गाडीत हजार प्रश्न विचारते. आपण दमलेले असतो. आपण म्हणतो, "गप झोप आता." विंदांसारख्या कवीला मात्र त्या हजार प्रश्नांतच कविता दिसते. मुलाच्या प्रश्नाला ते हसत नाहीत. त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन आणखी वेडा प्रश्न विचारतात.

'एटू लोकांचा देश' हे त्यांचे आणखी एक पुस्तक. हा देश कोणत्या नकाशात सापडायचा नाही. तिथले लोक निराळे, तिथली रीत निराळी. मुलाला असा उलटा-सुलटा देश दाखवला की ते मनातल्या मनात आपल्या गावाशी तुलना करू लागते. आपल्याकडे असे का आणि त्यांच्याकडे तसे का, हा विचार डोक्यात येतो. विचार करायला शिकवण्याची ही रीत फळ्यावर लिहून शिकवण्यापेक्षा कितीतरी सोपी.

पिशीमावशीची भुते

सगळ्यांत गाजली ती पिशीमावशी. 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' हे पुस्तक १९८१ साली निघाले. तेव्हा विंदांचे वय बासष्ट-त्रेसष्ट. ज्या वयात आपल्याकडे माणसाला "आता देव-देव करा" म्हणतात, त्या वयात ते भुतांच्या कविता लिहीत बसले होते!

खेड्यातल्या पोराला भुताची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. विहिरीजवळचा मुंजा, वेशीबाहेरची हडळ, बाभळीवरची चकवा लावणारी सावली. रात्री उसाला पाणी धरायला बापाबरोबर गेलेले पोर फडातली सळसळ ऐकते आणि बापाचे धोतर घट्ट धरते. वाऱ्याने पाचट वाजते हे बापाला ठाऊक असते, पोराला नसते. बरे, आपण मोठी माणसेही पोर जेवत नसले, झोपत नसले की भुताचीच भीती घालतो.

विंदांनी काय केले? त्यांनी भुतांची फौजच्या फौज मुलांपुढे उभी केली आणि तिला हसायला शिकवले. पिशीमावशी आहे, तिचा सगळा गोतावळा आहे, एकेकाची एकेक तऱ्हा आहे. कविता मोठ्याने म्हणताना आधी अंगावर थोडा काटा येतो आणि लगेच खुदकन हसू येते. भीतीला असे तोंड दिलेले पोर दुसऱ्या दिवशी फडाच्या कडेने एकटे जाऊ शकते. "भिऊ नको" असे शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते एका गमतीच्या कवितेने होते.

चार वर्षांनी, १९८५ साली, 'अडम् तडम्' आले. हे नाव ऐकून कोणाला आपले लहानपण आठवणार नाही? खेळात राज्य कोणावर, हे ठरवताना आपण असलेच बिनअर्थाचे शब्द गरागरा म्हणत होतो. अर्थ नसला तरी ताल होता, आणि ताल होता म्हणून ते पन्नास वर्षांनीही तोंडात आहेत. विंदांना हे गमक पुरते ठाऊक होते. मुलांची कविता आधी कानात शिरावी लागते, अर्थाचे मागाहून बघता येते. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हेच ठाऊक होते. त्यांना कोणी अक्षर शिकवले नव्हते, पण त्यांच्या तोंडची ओवी कधी तालाला चुकली नाही.

तिघांची जोडी

कानाचा विषय निघाला म्हणून सांगतो. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तीन कवींनी मिळून वर्षानुवर्षे काव्यवाचनाचे कार्यक्रम केले. महाराष्ट्रभर केले, परदेशातल्या मराठी माणसांपुढेही केले. कविता ही पुस्तकात मिटून ठेवायची वस्तू, हा समज या तिघांनी मोडून काढला. विंदांचा आवाज खणखणीत. हातवारे करून, शब्द उंच चढवून, मध्येच एकदम खाली आणून ते कविता म्हणत. ज्याला कवितेतले ओ की ठो कळत नाही, तोही ऐकत राहायचा.

या तिघांनीही मुलांसाठी लिहिले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाडगावकरांचा 'भोलानाथ' तर घरोघर गेला. पाठ्यपुस्तकांतूनही या कवींच्या कविता मुलांपर्यंत पोहोचल्या. मात्र शाळेत कविता आली की तिच्यामागून प्रश्नोत्तरे येतात, आणि मूल कवितेला भिऊ लागते. घरात, अंगणात, बिनपरीक्षेची ऐकलेली कविता निराळी. तिथे आजोबांचे काम आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आपल्या नाशिक जिल्ह्याचा धागाही या हकिगतीत आहे. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, निफाड तालुक्यातल्या शिरवाड्याचे. त्यांचे शाळेचे दिवस पिंपळगाव बसवंतला गेले. मुलांसाठी त्यांनीही कविता लिहिल्या. त्यांच्या नावाने नाशिकला चालणाऱ्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'जनस्थान' पुरस्कार १९९३ साली विंदांना मिळाला. मराठीला ज्ञानपीठ पुरस्कार पहिला मिळाला वि. स. खांडेकरांना, दुसरा कुसुमाग्रजांना आणि तिसरा विंदांना. विंदांचा पुरस्कार २००३ सालचा, प्रत्यक्ष हाती पडला २००६ मध्ये. तेव्हा ते अठ्ठ्याऐंशीच्या घरात होते.

सहकारातले घर

आता घराकडे वळू. मुंबईत वांद्र्याला 'साहित्य सहवास' नावाची वसाहत आहे. लेखक, कवी, प्राध्यापक मंडळींनी एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर ही वसाहत उभी केली. विंदांचे घर तिथे होते. सचिन तेंडुलकर याचे बालपण ज्या वसाहतीत गेले तीच ही. त्याचे वडील रमेश तेंडुलकर हेही मराठीचे प्राध्यापक आणि कवी.

सहकार म्हटला की आपल्यापुढे काट्यावरची गाडी, बॉयलर आणि पोती येतात. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, त्याची आठवण येते. पण तत्त्व एकच आहे. एकट्याच्या पगारात मुंबईत घर होत नव्हते, म्हणून चार लेखणीवाले एकत्र आले. एकट्याच्या उसाला भाव मिळत नव्हता, म्हणून आपण एकत्र आलो. लेखकही आपल्यासारखेच भागधारक झाले, त्यांच्याही सभा झाल्या असतील आणि वादही झाले असतील. सहकारात वाद नाही असे कधी झाले आहे का? पण डोक्यावर छप्पर आले, हे खरे.

या घरात विंदांच्या पत्नी सुमाताई, दोन मुलगे आणि एक मुलगी असा संसार होता. सुमाताईंनीही लिहिले. 'रास' हे त्यांचे आत्मकथन. नावाजलेल्या माणसाच्या घरात बाईच्या वाट्याला काय येते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते वाचावे. लोकांना कवी दिसतो, बायकोला नवरा दिसतो. मोठ्या माणसाच्या घरातली बाई स्वतः लिहिती झाली, ही गोष्ट आमच्या भगिनी सभासदांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. आपल्याकडे ऊसबिल नवऱ्याच्या नावाने निघते आणि खुरपणी, बेणे, जनावरे, वाढे यांचा हिशेब बाईच्या डोक्यात असतो. तो कागदावर आला तर त्याचेही पुस्तक होईल.

हातात करवत

विंदांचा छंद कोणता? पुष्कळांना वाटेल, पुस्तके वाचणे. ते तर होतेच, पण तो त्यांचा धंदा म्हणावा. खरा छंद सुतारकाम! लाकूड, करवत, रंधा, पटाशी, खिळे, हातोडी यांत हा इंग्रजीचा प्राध्यापक रमून जायचा. घरातली लहानमोठी दुरुस्ती स्वतःच्या हाताने करायची, उगीच कारागिराला बोलवायचे नाही.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली काटकसर. विंदा काटकसरी म्हणून मित्रमंडळीत प्रसिद्ध होते आणि त्यावरून त्यांची थट्टाही चालायची. राहणी साधी, कपडे साधे, उगीच खर्च नाही. कोकणातल्या ओढगस्तीच्या दिवसांत वाढलेल्या माणसाला वस्तू टाकून देणे जमत नाही. आपल्या पिढीलाही ते जमत नाही. जुना नांगराचा फाळ, तुटलेली कडी, मोटेच्या काळातला नाडा असे सगळे आपण माळ्यावर ठेवतो आणि सुनेची बोलणी खातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हाताने काम करण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. आपल्याकडे चार बुके शिकलेला मुलगा बांधावर उभा राहून सूचना करतो आणि दारे धरायला गडी लावतो. अमुक साहेब झाले म्हणजे त्यांनी हात मळवायचे नाहीत, अशी एक खोटी प्रतिष्ठा गावोगाव शिरली आहे. विंदांनी ॲरिस्टॉटल वाचला आणि रंधाही मारला. डोके आणि हात ही दोन्ही त्यांना सारखीच मानाची होती. ज्याने पहिल्याच पुस्तकाला घामाचे नाव दिले, त्याने तसे वागूनही दाखवले.

फळीला रंधा मारताना घाई चालत नाही. लाकडाच्या रेषेच्या उलट गेले की लाकूड उसवते. सांधा नीट बसला नाही तर खुर्ची डुगडुगते, मग तुम्ही कितीही मोठे कवी असा. कवितेचेही असेच आहे. एक अक्षर जास्त झाले की ताल डुगडुगतो, आणि लहान मूल लगेच अडखळते. मोठा वाचक चुकीकडे काणाडोळा करील, पण पोर करत नाही. ते सरळ उठून खेळायला जाते. मुलांसाठी लिहिणाऱ्याचा हात म्हणूनच सुताराइतका नेमका लागतो.

मनमाडच्या निवृत्त फिटरला, आमच्या निवृत्त शेतकऱ्याला यातून हेच सांगायचे की हात थांबवू नका. कामाचा बोजा मुलाकडे गेला, ते ठीकच आहे. पण दोरखंड वळणे, खुरप्याला मूठ बसवणे, नातवाला लाकडी गाडी करून देणे, अंगणात चार वाफे करणे हे कोणी तुमच्याकडून काढून घेतलेले नाही. गाडी करताना नातू शेजारी बसतो, खिळा हातात देतो, प्रश्न विचारतो. बोलायला विषय नाही म्हणून जे अडले होते, ते तिथे सुटते.

काटकसर कशासाठी?

विंदांच्या काटकसरीची थट्टा करणारे लोक एका गोष्टीपुढे गप्प बसत. त्यांना जन्मभर अनेक पुरस्कार मिळाले, आणि पुरस्कारांच्या रकमा त्यांनी सामाजिक आणि वाङ्मयीन संस्थांना देऊन टाकल्या. घरात खिळा जपून वापरणारा माणूस बाहेर लाखांनी देत होता. कंजूष आणि काटकसरी यांत फरक हाच. कंजुषाची गाठ शेवटपर्यंत सुटत नाही. काटकसरी माणूस गाठ मारतो ती योग्य वेळी सोडण्यासाठी.

त्यांची 'घेता' नावाची एक छोटी कविता आहे. पुष्कळांना ती शाळेपासून पाठ आहे. देणे आणि घेणे हाच तिचा विषय. नुसती वस्तू घेऊन थांबू नये, देणाऱ्याची देण्याची वृत्तीही घ्यावी, असा तिचा भाव. भाषणात ही कविता म्हणणारे खूप आहेत. विंदांनी ती लिहिली आणि तिच्याप्रमाणे वागले, म्हणून तिला वजन आले.

ऊसबिलाचा हप्ता जमा झाला की आपल्याकडे काय होते, हे सभासदांना वेगळे सांगायला नको. सोसायटीचे कर्ज वळते होते, खतवाल्याची उधारी जाते, उरलेल्यात लग्न, घर, गाडी. देण्यासाठी उरत नाही असे आपण म्हणतो. खरेही आहे, आपल्या हाती लाखांचे पुरस्कार येत नाहीत. पण देणे फक्त पैशाचे असते असे कोठे आहे? हाताचे कसब, तोंडची ओवी, संध्याकाळचा एक तास, हेही देता येते. त्यावर कोणते कर्ज वळते होत नाही.

थांबणे आणि जाणे

'अष्टदर्शने' हे विंदांचे पुस्तक २००३ साली आले. सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि आपला चार्वाक यांचे विचार त्यांनी त्यात पद्यात मांडले. वय पंच्याऐंशी. ज्या माणसाने सशाच्या कानांवर लिहिले त्यानेच हेगेल आणि नित्शे यांच्यावरही लिहिले. त्यानंतर मात्र पुस्तकामागून पुस्तक काढत बसणे नाही. सांगायचे ते सांगून झाले होते.

शेतकऱ्याला हे लगेच समजेल. खोडवा किती वर्षे ठेवायचा यालाही मर्यादा असते. पहिला खोडवा चांगला येतो, दुसरा बरा येतो, पुढे उतारा घटतो आणि रान थकते. तरी मोहाने ठेवणारे असतात. जाणता शेतकरी वेळेवर रान मोकळे करतो आणि त्यात द्विदल घेतो, म्हणजे पुढच्या पिकाला जमीन ताजी मिळते. चांगल्या लेखकालाही हा हिशेब करावा लागतो.

१४ मार्च २०१० रोजी मुंबईत विंदांचे निधन झाले. वय एक्याण्णव. पाठीमागे कविता राहिल्या, समीक्षा राहिली, भाषांतरे राहिली. आणि कुठल्याशा घरात झोपण्यापूर्वी पिशीमावशी ऐकून आधी दचकणारी आणि मग हसणारी पोरे राहिली.

आपण काय करावे?

आता कामाचे बोलू. हंगाम सुरू झाला की कोप्या पडतात. जिरायती भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आई-बाप पहाटे फडात, आणि लहान पोरे कोपीत किंवा गाडीखाली. या मुलांसाठी महाराष्ट्रात काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. शिक्षण हक्काचा कायदा लागू झाल्यानंतर त्यांना जवळच्या शाळेत दाखल करण्यावर भर आला. कागदावर नाव लागते, पण चार-पाच महिन्यांच्या मुक्कामात त्या पोराचा जीव परक्या शाळेत रमत नाही. त्याला पाढे येत नसतील, पण भूत मात्र नक्की ठाऊक असते! पिशीमावशीपासून सुरुवात केली तर ते पोर पळून जाणार नाही.

म्हणून सभासदांपुढे तीन साध्या सूचना ठेवतो.

पहिली. दिवाळीला सभासदाला सवलतीच्या दराने साखर मिळते. साखर आणायला गावातून माणूस जातोच. त्याच खेपेला मुलांचे एक पुस्तक घरात यावे. एका पिशवी खताच्या किमतीत अशी कितीतरी पुस्तके येतील. साखर महिन्या-दोन महिन्यांत संपते, पुस्तक धाकट्याच्याही कामाला येते.

दुसरी. प्रत्येक गटातल्या एखाद्या निवृत्त सभासदाने, शिक्षकाने किंवा रेल्वेच्या पेन्शनराने हंगामात आठवड्यातून एक संध्याकाळ ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काढावी. फार शिकवायचे नाही. एक कविता मोठ्याने म्हणायची, एक गोष्ट सांगायची. वाचता येत नसेल तर आपल्या आजीची ओवी म्हणा, आपल्या गावचे भूत सांगा. मात्र शेवटी हसवा, नुसते घाबरवून पाठवू नका.

तिसरी आमच्या भगिनींसाठी. जात्यावरच्या ओव्या, अंगाईगीते, खेळातली बडबड अजून ज्यांच्या तोंडी आहे, त्यांनी ती नाती-नातवांकडून वहीत उतरवून घ्यावी. शब्द जसे तोंडात असतील तसेच लिहावेत, सुधारू नयेत. जाते गेले, मोट गेली, आता ओवीही जाईल. वहीत उतरली तर राहील.

यातले काहीच अवघड नाही. खर्च थोडा, वेळ थोडा. कारखान्याचा शेअर मुलाच्या नावावर करायला एक अर्ज पुरतो. पण आपल्या हातातले कसब आणि तोंडातली गोष्ट नावावर करायला असा अर्ज नाही. ती शेजारी बसवूनच द्यावी लागते. ज्याच्या घरी आजोबा आणि नातू एकाच बाजेवर गप्प बसत असतील, त्याने या दिवाळीत साखरेच्या पिशवीबरोबर पिशीमावशीला घरी आणावे आणि पहिले पान आजोबांच्या हाती द्यावे. चष्मा सापडत नसेल तर नातू शोधून देईल.

जय सहकार!